गांडुळांवर मारलेली पावडर

मी रसायनशास्त्र शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं तर जास्त हसाल.

आमच्या बदलापूरच्या कॉलेजात हरित समिती निघाली तेव्हा तिचं प्रमुखपद माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो. काम एकच होतं, आणि तेही मी करत नव्हतो. मागच्या कोपऱ्यात आमचे माळीमामा गांडूळखताचा खड्डा सांभाळायचे. मामा बदलापूर गावातले. कॉलेज आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती. उरलेला हा कोपरा ते अजून शेतासारखाच राखत. कँटीनमधली भाजीची देठं आणि आवारातला पाला तिथे जायचा नि काळंभोर खत होऊन झाडांना परत मिळायचा.

त्या कोपऱ्यावर पार्किंगवाल्यांचा डोळा होता. बाहेरून तपासणी समिती येणार होती. तिला खड्डा पटला तर बाग राहील, नाहीतर तिथे पेव्हर ब्लॉक, असं प्राचार्यांनी सांगून टाकलं. मामा खड्ड्यावरचं गोणपाट दिवसातून दोनदा भिजवायचे, ते तीनदा भिजवायला लागले.

आता, कोणी मोठं माणूस येणार म्हटलं की आपल्याकडे रस्त्याच्या कडेने पांढरी पावडर मारतात. चुना आणि ब्लीचिंग. आदल्या दिवशी दुपारी मामा घरी जेवायला गेले असताना मी गेटपासून खड्ड्यापर्यंत झकास पट्टे मारून घेतले. अर्धं पोतं उरलं. तेवढ्यात खड्ड्यावर चिलटं दिसली. समिती काय म्हणेल? मी गोणपाट उचललं, पोतं स्वतःच्या हाताने आत रिकामं केलं आणि वरून पाणी शिंपडलं. फोटो काढून ग्रुपवरही टाकला.

मामा आले ते वासानेच धावत आले. गांडुळं वर येऊन वळवळत होती. बरीचशी तर वळवळतही नव्हती.

"सर," त्यांनी शांतपणे विचारलं, "पोरांना काय शिकवता ओ तुमी?"

मामा तळाचा थर हाताने उकरायला लागले. मीही पँट वर दुमडून उतरलो. जगलेली गांडुळं दोन घमेल्यांत घेतली. मी नळाचं पाणी आणायला निघालो तर मामांनी थांबवलं. नळाला औषध असतं, हौदातलं शिळं पाणी आणा म्हणाले. क्लोरीनवर तासभर बोलणारा मी मुकाट्याने बादली घेऊन हौदाकडे गेलो.

सकाळपर्यंत मी तोड काढली होती. खड्ड्यावर नवी माती पसरायची आणि उन्हामुळे गांडुळं खोल गेलीत म्हणून सांगायचं. मामांना सांगितलं.

"सांगा. मी मधी बोलनार नाय."

तपासणीला आलेल्या समितीतल्या एका वयस्कर बाईंनी बाही सारून थेट खड्ड्यात हात घातला. कुठे आहेत, म्हणाल्या. माझं वाक्य पाठ होतं. पण मामा माझ्याकडे बघतच नव्हते, गोणपाट घडी करत होते.

"मी मारली," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं आणि घमेली दाखवली.

बाई तिथेच उकिडव्या बसल्या. मामांना विचारत राहिल्या: पाणी कुठलं, पाला कोणता, देठं किती दिवस कुजवता. मामा मोकळेपणाने बोलत होते. मला कोणी काही विचारलं नाही. पाहुण्यांसाठी रंगवून घेतलेला हरित समितीचा बोर्ड धरून मी उभा होतो.

अहवालात दोन ओळी आमच्या वाट्याला आल्या. कोपऱ्याला हात लावू नये. आणि आवारात पावडर मारणं बंद करावं.

मी अंबरनाथला राहतो. प्रदूषणाचा धडा आला की वर्षानुवर्षं खिडकीतून एमआयडीसीच्या दिशेला बोट दाखवत आलोय. हल्ली बोट अर्ध्यावर जातं आणि खाली येतं.

पावडरच्या खोलीची किल्ली आता मामांकडे असते. मागच्या महिन्यात पाहुणे येणार होते म्हणून, सवयीने, मी ती मागायला गेलो. मामांनी फक्त "कशाला?" एवढंच विचारलं. मी विचार करतो म्हणालो आणि परत आलो.