रेशनच्या काट्यावर ठेवलेला भंडारा

आमच्या गावात रेशनचं धान्य फुकट मिळतं. सरकार तसं सांगतं, टीव्हीवरही सांगतं. गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर मात्र आमच्या गल्लीला ते देवाची शपथ घेतल्याशिवाय मिळालं नाही. आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

दसरा झाला तसे भाऊ-भावजय ऊसतोडीला गेले होते. घरी म्हातारी आई आणि भावाची दोन लेकरं. कणगीत ज्वारी नव्हतीच, सगळी भिस्त रेशनच्या गव्हावर आणि तांदळावर. मी नोकरीमुळे बीडला असतो. दोन दिवसांसाठी आलो होतो, म्हणून पोतं धरायला आईबरोबर गेलो.

दुकानदार जिंकलेल्या पॅनलचा. आमच्या गल्लीनं मतं दुसरीकडं टाकली, असा त्याला दाट संशय. मत गुप्त असतं, ही त्याची अडचण. तिच्यावर त्यानं तोडगा काढला होता. काट्याशेजारी ताटलीत हळदीचा भंडारा आणि बेलाची पानं. आमच्याकडं बेलभंडारा उचलून माणूस खोटं बोलत नाही. जमिनीचे तंटे, सोयरिकीतले रुसवे, सगळं त्यावर मिटतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो विश्वास या गड्यानं धान्याच्या काट्याला बांधला!

आमच्या पुढं शेजारीण होती. नवरा तोडीवर, पदरात तापानं फणफणलेली पोर. तिनं भंडारा उचलला, मान खाली घालून म्हणाली, तुमच्याच पॅनलला दिलं. गहू मिळाला. ती खोटं बोलते आहे हे मला ठाऊक होतं. प्रचारात ती आमच्याच बाजूनं फिरली होती.

मग आईची पाळी. तो मोठ्या अदबीनं म्हणाला, "काकू, भंडारा उचला अन सांगा, मत कुणाला दिलं."

मी आवाज चढवला. हे सरकारचं धान्य आहे, तुझ्या बापाचं नाही, असंही म्हणालो. आईनं मला हातानं मागं सारलं आणि भंडारा उचलला.

"तुमच्या पॅनलला न्हाई दिलं. आता माप घाल."

त्यानं माप घातलं नाही. मशीन चालत नाही, पुढच्या महिन्यात या, म्हणाला. आत्ताच शेजारणीचा अंगठा घेतलेलं मशीन! रिकामं पोतं घेऊन घरी येताना मला आईचाही राग आला. एक शब्द खोटा बोलली असती तर काय बिघडलं असतं? लेकरं काय खाणार होती, तिचं खरेपण?

दुसऱ्या दिवशी केजला तहसीलमध्ये गेलो. साहेबांनी तक्रार ऐकण्याआधी मी कुणाचा माणूस, ते विचारलं. मग म्हणाले, गावातलं गावात मिटवून घ्या. अरे, गावात मिटत असतं तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?

संध्याकाळी घरी परतलो तर शेजारीण सुपात गहू घेऊन बसली होती. अर्धा आमच्यासाठी. पोरीचा ताप उतरत नव्हता.

"मामी, खोटी शपथ घेतली म्हणून देव कोपला का वो?"

आई म्हणाली, "कोपंल, पर तुझ्यावर न्हाई. त्याच्यावर."

आईनं तो गहू घेतला, लेकरांना पोटभर चपाती मिळाली. पोरीला मी डॉक्टरकडं नेलं, चार दिवसांत ती खेळायला लागली. पण शेजारणीच्या मनातून भीती गेली नाही. रविवारी ती उपाशीपोटी, अनवाणी, खंडोबाच्या टेकडीवर जाऊन आली. नाक घासून माफी मागितली तिनं. दुकानदाराला अजून कुणी माफी मागायला लावलेली नाही.