आधी भाजी दिसली पाहिजे

सकाळी सचिनचा फोन आला तेव्हा मी राहुरीला लेकीकडे होते, ओट्यापाशी चहा गाळत. सचिन म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. इतक्या सकाळी त्याचा फोन म्हटल्यावर मला वाटलं, वन्संनीच लावायला सांगितला असणार. आदल्या संध्याकाळी मी आमच्या ब्लॉगवर पाथरीच्या भाजीचं लिहून टाकलं होतं, त्यात काहीतरी खटकलं असेल. मी हसतच विचारलं, "काय चुकलं रं माझं?" तो म्हणाला, "मामी, आई गेली. झोपेतच." लेकीनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं तेव्हा कळलं, चहा कधीचा ओट्यावर सांडत होता.

वन्संना गावातच दिलेलं, पारनेर तालुक्यातल्या आमच्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे. नणंद-भावजयीचं जे काय व्हायचं ते भांडण आमचं तरुणपणीच उरकलं होतं, म्हातारपणी नुसती मैत्री उरली. त्या अंगणवाडीत सेविका होत्या. काम सुटल्यावर हात रिकामे, आणि पुण्याकडे दिलेल्या आमच्या भाच्या-पुतण्यांचे सारखे फोन... आत्या, तांदुळजा कसा ओळखायचा, कुर्डूची भाजी कडू का झाली. एक दिवस वन्सं वैतागून म्हणाल्या, "वहिनी, किती जणींला फोनवर सांगायचं? तुमी लिवा, मी भाज्या आनते. एकदाच ब्लॉग करून टाकू." मी शाळा सातवीत सोडलेली, पण लिहायची हौस दांडगी. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून दोघी शिकलो.

पहिला घोटाळा मात्र असा झाला की अजून हसू येतं. ब्लॉग दिसायला देखणा पाहिजे, मग हे काम कोणाला जमतं? आमच्याकडे वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळं देखणं करतो तो फ्लेक्सवाला! त्याच्याकडूनच करून घेतला. वर गणपती, दोन्ही बाजूंना समया, गोलात आम्हा दोघींचे फोटो, पिवळी अक्षरं, त्यांना लाल कडा. आणि घरातल्या मोठ्या माणसांचे फोटो नाही लावले तर राग येईल, म्हणून दीर, मामा, व्याही सगळे ओळीनं. वन्संनी फोन हातात घेतला, अंगठ्यानं वर सरकवत राहिल्या, सरकवत राहिल्या...

"वहिनी, भाजी कुठाय? पाव्हण्यांखाली दबली का काय?"

मग त्यांनी स्वतः सगळं उतरवलं. मागचा रंग पांढरा, अक्षरं काळी आणि चांगली ठसठशीत, कारण वाचणाऱ्या निम्म्या बायांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. भाज्यांची नावं वरच्या बाजूला एका ओळीत, म्हणजे जिला जी पाहिजे ती लगेच सापडावी. आमची माहिती पार तळाशी. मला ते जरा लागलं. तर म्हणाल्या, "भूक लागल्यावर कोन वळख ऐकत बसतं, वहिनी? आधी भाजी दिसली पायजे." एका भाजीला वर एकच मोठा फोटो. मी चार लावायला निघाले तर म्हणाल्या, "तक्त्यावर मी एकच चित्र लावायची. दोन लावली की लेकरं दोनी इसरत्यात." मी ओळीमागून ओळ लिहीत जायची, बोलते तशीच. त्या मधेमधे तोडायच्या, मोकळी जागा सोडायच्या. "ताटात सगळं एकात एक वाढलं तर माणूस जेवंल का?" फोटोही हलका करूनच टाकायच्या. वस्तीवर रेंज कमी, गोल चाक फिरत राहिलं की बाई फोन ठेवून भाकरी थापायला जाते, ती परत येत नाही. आणि मी हौसेनं गाणं लावलं होतं, ब्लॉग उघडला की आपोआप वाजणारं, ते तर दुसऱ्याच दिवशी काढलं. दुपारी एका सुनेनं गुपचूप ब्लॉग उघडला आणि शेजारी झोपलेली सासू उठून बसली!

एकदा मी फोनवर पानांचा रंग हिरवागार, चकचकीत करून टाकला. वन्सं इतक्या चिडल्या की चहालाही थांबल्या नाहीत. "असली पानं रानात घावतील का? ह्ये बघून कुनी भलतंच खुडून आनलं म्हंजे?" पुन्हा आल्या त्या काखेत घोंगडी घेऊन. सावलीत अंथरली, तिच्यावर तांदुळज्याची जुडी ठेवली. काळ्या घोंगडीवर ती साधी पानं अशी उठून दिसली की माझा चकचकीत फोटो मीच काढून टाकला. तेव्हापासून सगळे फोटो त्या घोंगडीवरच.

तेरावा झाल्यावर सचिन घरी आला. तो सुप्याला कंपनीत कामाला आहे. फोनमध्ये त्यानं बनवून आणलं होतं... हार घातलेला वन्संचा फोटो, वरून पडणाऱ्या पाकळ्या, हलती ज्योत, जांभळा रंग, खाली शोकाकुल माणसांची लांबलचक नावं. "मामी, पासवर्ड तुमच्याकडं हाय. ह्ये ब्लॉगवर सगळ्यात वर लावा." आता काय करावं? लावावं, तर त्यांनी हातानं निवडून स्वच्छ केलेल्या पानावर पुन्हा फ्लेक्स चढणार. नको म्हणावं, तर ज्याची आई गेली त्याला मी कोण अडवणार? कसंबसं म्हटलं, "सचिन, वन्संना असलं आवडायचं न्हाई रं."

तो ताडकन उठला. "म्हंजे मी आईला हारबी घालू न्हाई? तुमचा ब्लॉग माझ्या आईपेक्षा मोठा हाय व्हय?"

मी म्हटलं, "बस. ब्लॉगवरच्याच फोटोंतून त्यांचा एक फोटो तूच काढ. तुला पटंल तो लावू, न्हाईतर तुझा ह्यो लावू." तो बसला. एकेक भाजी उघडत गेला. पाथरी, कुर्डू, करडईचा पाला... बऱ्याच वेळानं म्हणाला, "मामी, आई कशातच न्हाई." आणि एकदम थांबला. तांदुळज्याच्या जुडीशेजारी हात होता. प्रत्येक फोटोत तो होता, पान केवढं याचा अंदाज यावा म्हणून वन्सं पंजा शेजारी ठेवायच्या. मनगटावर गोंदण, तर्जनीवर व्रण. सचिन त्या व्रणावरून बोट फिरवत राहिला. "माझ्यासाठी ऊस सोलताना विळा लागल्याला..." एवढंच बोलला, आणि मग खूप रडला. मीही.

तोच फोटो वर लावला. खाली त्यांचं नाव आणि एक ओळ, सचिननंच सांगितलेली : या हातानं दाखवलेल्या भाज्या खाली आहेत.

आता रविवारी तो येतो. परवा चिघळीची भाजी आणली होती. मी घोंगडी अंथरली, भाजी मांडली, आणि सवयीनं नव्हे, आठवणीनं माझा हात शेजारी ठेवला. फोटोत तो परक्यासारखा वाटला, म्हणून ओढून घ्यायला लागले.

"मामी, सावली पडती, हात जरा..." सचिन फोन धरून म्हणाला, आणि थबकला. "न्हाई, काढू नका. ऱ्हाऊ द्या."