टीव्हीच्या कपाटातलं वारं

आमच्या टीव्हीखालच्या बंद कपाटात सेट-टॉप बॉक्स फार तापायचा. म्हणून आमच्या यांनी आत दोन चिमुकले पंखे बसवले आणि त्यांची वायर टीव्हीच्या यूएसबीत खोचली. टीव्ही लावला की पंखे सुरू. झालं, येईल त्याला प्रात्यक्षिक! कपाटाचं दार सताड उघडायचं आणि म्हणायचं, "पावणं, घाला की हात आत. लागतंय का न्हाय वारं?"

ते वारं कुणालाच कळेना, म्हणून हे आधी छताचा पंखा बंद करू लागले. मे महिन्यात माझा भाऊ आला. तोही घामानं निथळत, कपाटात हात घालून बसला.

मी चिडून म्हटलं, "दार उघडंच ठेवायचं तर पंखे कशाला?"

"मग लोकांना दिसणार कसे?" हे म्हणाले.

भाऊ म्हणाला, "आक्का, मीच आत जाऊन बसू का?"