मागच्या सीटवरच्या मेश्रामकाकू

"वजन किती तुझं?" हा मेश्रामकाकूंचा मला विचारलेला पहिला प्रश्न. आमच्या ट्रॉय गावात बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, वंदना झालेली, जेवणाची रांग लागलेली. मी ताट घेऊन उभा होतो आणि काळा चष्मा लावलेल्या साठीच्या एक बाई माझं मनगट धरून मला हे विचारत होत्या. मी गोंधळून वजन सांगितलं. मग उंची. मग "गुडघे कसे आहेत?" मला वाटलं, बाईंच्या मनात कुणाची तरी सोयरीक आहे. तेवढ्यात माझी बायको मृणाल पुढे आली. तिलाही त्यांनी वजन विचारलं आणि म्हणाल्या, "नाही, तू हलकी पडशील. हा चालते."

मी कशाला चालतो ते नंतर कळलं. काकूंना जवळजवळ काहीच दिसत नसे. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार; उजेड कुठे आहे एवढं फक्त समजे. नागपूरहून तरुणपणी इकडे आलेल्या, आयुष्यभर गाड्यांच्या सीटबेल्टची चाचणी करणाऱ्या लॅबमध्ये नोकरी केलेल्या. नजर जायला लागली तेव्हा काकांनी दोन सीटची, दोघांनी मिळून चालवायची सायकल आणली. काका पुढे, काकू मागे. अशी पुष्कळ वर्षं गेली. मग काकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि सायकल गॅरेजच्या भिंतीला टांगली गेली. काकू तेव्हापासून पुढच्या सीटसाठी माणूस शोधत होत्या.

मी हो का म्हटलं, हे मला नीट सांगता येणार नाही. त्या वर्षी आमच्या टीममधली निम्मी माणसं काढली होती आणि त्यांचं काम उरलेल्यांवर पडलं होतं. सकाळी पुण्याशी कॉल, रात्री पुण्याशी कॉल, मधे ऑफिस. ग्रीन कार्डची वाट बघता बघता मुलगी हायस्कूलला गेली होती. नाही म्हणण्याएवढंही त्राण माझ्यात उरलं नसावं.

आमच्या गावाच्या उत्तरेला तळ्यांचा मुलूख आहे. फार फार पूर्वी इथे बर्फाचे डोंगर होते. ते वितळून मागे हटले, जाताना खड्डे ठेवून गेले, त्या खड्ड्यांची तळी झाली आणि सोबत आणलेल्या मातीच्या टेकड्या. त्यामुळे तिथला रस्ता सपाट असा नाहीच. एक चढ, एक उतार, वळणावर पाणी, पुन्हा चढ. दर रविवारी सकाळी आम्ही तिथे जायचो.

त्या सायकलची पायडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. पुढच्याने पाय सैल सोडले तर सगळा भार मागच्यावर येतो. मला वाटायचं, थोडं सैल सोडलं तर काय कळणार? पाठीमागून लगेच आवाज यायचा, "ऑफिस घेऊन बसला का पायडलवर? उतरव त्याला."

आणि सतत विचारायच्या, काय दिसतंय. पहिल्याच तळ्याशी मी म्हणालो, "फार सुंदर आहे, काकू."

"सुंदर राहू दे बाजूला. काय पाहून राहिला ते सांग."

"पाणी आहे. निळं."

"सगळ्यांना निळंच दिसते. नीट पाहा."

नीट पाहिलं तर ते काठाशी चहासारखं तपकिरी होतं आणि मधे करडं. दोन घरांच्या मधून तेवढंच दिसत होतं, कारण काठ सगळा लोकांच्या मालकीचा. पाटी लावलेली, की इथून पुढे येऊ नये. एक म्हातारा होडीवरचं कापड काढत होता. हिरवळीवर हंसांनी घाण केली होती. मी हे सगळं सांगितलं. काकू खूश झाल्या. "आत्ता दिसलं मला," म्हणाल्या. त्यानंतर मला रविवारी बघावंच लागे. आठवडाभर स्क्रीनवर डोळे लावून काही न बघणारा मी, त्या दोन-तीन तासांत झाडाच्या साली बघायला लागलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पडलो. उतारावर वेगात होतो आणि डावीकडच्या झाडीतून एक हरीण थेट चाकापुढे आलं. ब्रेक दाबले, सायकल आडवी झाली, आम्ही दोघं गवतात. माझी कोपरं सोलवटली. काकू उताण्या पडलेल्या, खांदा धरून.

"हरीण वाचलं का?"

"पळालं, काकू."

"सायकल?"

"ठीक असावी. तुम्ही हलू नका."

"आणि तू?" माझा नंबर तिसरा लागला याचं मला तशाही अवस्थेत हसू आलं. काकूंचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी पार पश्चिम किनाऱ्यावरच्या सांता क्लाराहून त्यांच्या मुलाचा, रोहनचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. काका खुर्चीत पाठीला उशी लावून बसलेले, मी अपराध्यासारखा दाराशी. "आई, धिस इज इट. नो मोअर सायकल. तू बाबांकडे बघणार की हॉस्पिटलमध्ये पडणार?"

"हाड माझं मोडलं अन् रडून तू राहिला," काकू म्हणाल्या. काका हसले, आणि हसल्यामुळे पाठीत कळ आली म्हणून विव्हळले. काकूंनी अंदाजाने हात लांब करून त्यांची उशी सरकवली. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, की या घरात ज्यांना दिसत नाही त्याच सगळ्यांचं बघतात. स्वयंपाक, औषधं, रात्री काकांना कुशीवर वळवणं, सगळं काकूंकडे. भेटायला येणारे म्हणत, "काकू, काय हिंमत आहे हो तुमची!" काकू म्हणत, "चहा घ्या."

हाड जुळलं आणि पुढच्या वसंतात त्या पुन्हा मागच्या सीटवर बसल्या. रोहनने माझ्याशी बोलणं सोडलं. मग हिवाळ्यात काका गेले. झोपेत गेले. रोहन आला, त्याने सगळं व्यवस्थित केलं, आणि ठरलं, की घर विकायचं आणि आईने सांता क्लाराला राहायचं. काकू भांडतील असं मला वाटलं होतं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

निघायच्या आधी त्यांनी एकच मागितलं. सगळ्या तळ्यांना वळसा घालणारा लांबचा रस्ता, जो त्या काकांबरोबर करायच्या, तो एकदा करायचा. सप्टेंबर होता. त्याच आठवड्यात मला ऑफिसातून कळलं होतं, की आमची उरलेली टीमही बंद होणार आहे. दोन रात्री मी झोपलो नव्हतो. कॅन्सल करावं असं मनात आलं, पण काकूंचं सामान बांधून झालं होतं.

निम्मा रस्ता बरा गेला. मी काय काय दिसतंय ते सांगत होतो, काकू हूं म्हणत होत्या. मग एका लांब चढावर सायकल एकदम जड झाली. काकूंचे पाय नुसते फिरत होते, त्यांत जोर नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी दात आवळून दोघांचं वजन ओढत राहिलो. अर्ध्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अमोल, थांब."

उतरलो. रस्त्याकडेच्या गवतात बसलो. काकूंनी हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले.

"दमली मी," त्या म्हणाल्या.

"बसा थोडं. पाणी घ्या."

"आज नाही दमली, बापा. लय दिवसांपासून दमून आहे."

"काका गेल्यापासून?"

"त्याच्याही आधीपासून. पण हे गेले नव्हते तोवर म्हणायची सोय नव्हती." त्यांनी हेल्मेट मांडीवर उलटं ठेवलं. "लोक हिंमत हिंमत करतात. हिंमतवाल्या बाईला कोणी बस म्हणत नाही."

मी म्हणालो, "काकू, हा एवढा चढ संपला की मोठं तळं आहे. चालत जाऊ, मी सायकल ढकलतो."

"राहू दे तळ्याला तिथंच. त्याला काय माझी वाट पाहायची आहे? मृणालला फोन कर, गाडी घेऊन ये म्हणा."

मी फोन केला. बोलणं संपेपर्यंत काकू आडव्या झाल्या होत्या. हेल्मेट उशाला, हात पोटावर. बघता बघता घोरायला लागल्या. मी शेजारी बसून राहिलो. माझी नोकरी, व्हिसा, मुलीचं कॉलेज, सगळं डोक्यात होतंच. पण तेही जरा मंद झालं होतं. मृणाल आली तेव्हा मी बोट ओठांवर ठेवलं. तिने इंजिन बंद केलं, काकूंकडे पाहिलं, आणि गवतात येऊन बसली.

काकू सांता क्लाराला गेल्या. तिथे त्यांनी कुणालाही वजन विचारलं नाही, असं रोहन सांगतो. आता तो माझ्याशी बोलतो. मला दूरच्या बेलव्ह्यू शहरातल्या एका कंपनीचं काम घरून करायला मिळालं, आम्ही ट्रॉयमध्येच राहिलो. काकू रविवारी फोन करत. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि चार-आठ दिवसांतच त्या गेल्या.

त्यांचा शेवटचा फोन दुपारी आला होता. मी घाईघाईने उचलला.

"सायकल चालवून राहिला का?"

"नाही काकू. झोपलो होतो." मला उगाच लाज वाटली.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "मी ठेवते. तू झोप."