राखीव निवडणूक

सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करताना मी रडले होते. नवरा म्हणाला, "रडतेस काय, आता इथं मत देशील." त्यामुळे दोन हजार सतराची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हे माझं इथलं पहिलंवहिलं मतदान होणार होतं आणि त्याचा मी भरपूर गाजावाजा केला होता. क्वीन्सटाउनमध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मलाय आंटी राहायच्या. नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात जन्मभर नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. "आपण दोघी सकाळीच जाऊ, नंतर रांग वाढते," असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी ते पद मलाय उमेदवारासाठी राखीव होतं, कारण कित्येक वर्षांत त्या समाजाचं कुणी त्यावर बसलं नव्हतं. शेवटी पात्र ठरला एकच उमेदवार. मतदान होणार नाही, असं जाहीर झालं.

माझं डोकं फिरलं. ऑफिसातून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात ज्याला त्याला झोडपत होते. इथंही आरक्षण! पुणं सोडून इतक्या लांब आले ती काय हेच बघायला? लिफ्टपाशी आंटी भेटल्या, हातात भाजीची पिशवी. मी हसतच इंग्रजीत म्हणाले, "अभिनंदन! तुमचं बरंय, न लढता मिळालं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कशाबद्दल अभिनंदन? मत मलाही देता आलं नाही. मलाय म्हणून हिला घेतलंय, असं कुणी म्हणू नये म्हणून आयुष्यभर मी दुप्पट काम केलं. आमचं माणूस मतं मिळवून जिंकायला हवं होतं मला. आता सगळे म्हणणार, फुकट मिळालं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू तर म्हणालीससुद्धा."

लिफ्ट आली. त्या गेल्या, मी खालीच राहिले.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. आमच्या ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं असावीत, याला सरकारी मर्यादा आहे. चिनी घरांचा कोटा भरलेला होता, म्हणून आधीच्या भारतीय मालकाला ते चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नव्हतं, आणि घर आम्हाला मिळालं. त्याला आम्ही नशीब म्हणत आलो. आरक्षण हा शब्द तेव्हा मला सुचला नाही.

दोन दिवसांनी शिरा करून घेऊन गेले, माफी मागितली. "नेव्हर माइंड, ला," असं इथल्या ढंगात शेवटी 'ला' लावून म्हणत त्यांनी डबा घेतला. दुसऱ्या दिवशी घासून, आत केळी घालून परत केला. पुढेही दिसल्या की हसायच्या, जेवलीस का विचारायच्या. आत ये, असं मात्र पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

एका वाक्याचं किती मनाला लावून घेशील, असं नवरा म्हणतो. त्याला मी एक सांगितलेलं नाही. कॉलेजात हॉस्टेलवर माझ्या खोलीत राखीव जागेवर आलेली एक मुलगी होती. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशयादीत तिचं नाव लागलं, तेव्हा तिलाही मी असंच म्हणाले होते, हसतच. तीही त्यावर काहीतरी बोलत होती. काय, ते मला ठाऊक नाही. मी तोवर बाकीच्या मैत्रिणींबरोबर चहाला निघाले होते.