बोर्डावरची सहावी ओळ

आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात शुद्ध गणित घेतलेल्या आम्ही दोघीच होतो. मी लोणारची, ती डोणगावच्या टेलरची मुलगी. सरांनी पहिल्याच आठवड्यात एक रीत लावून दिली. बोर्डावर सिद्धता मांडताना एकीनं 'हे उघड आहे' असं लिहिलं, की दुसरीनं उभं राहून विचारायचं, "काऊन?" म्हणजे, का उघड आहे? उत्तर आलं नाही तर बोर्ड कोरा करून पुन्हा पहिल्यापासून. अडलं की आम्ही 'उघड आहे' लिहून मोकळ्या व्हायचो, म्हणून हा जाच. तिचं 'काऊन' ऐकलं की माझं डोकं फिरायचं, कारण ती नेमकं दुखऱ्या जागीच बोट ठेवायची.

शेवटच्या निकालात दोघींचे गुण सारखे आले. विद्यापीठाचं शुद्ध गणिताचं सुवर्णपदक मात्र एकच, म्हणून दोघींना तोंडी परीक्षेला बोलावलं. निघताना वडील म्हणाले, "मेडल आलं तं पुण्याले जाय संशोधनाले. नाही तं येथंच बी.एड. करून घे." मला पुण्याला जायचंच होतं. इतकं, की बसमध्ये मी तिच्याशी धड बोललेही नाही. तिनं डब्यातली अर्धी पोळी पुढे केली, तीही घेतली नाही.

खोलीत तीन परीक्षक होते, आणि एकीच्या मांडणीवर दुसरीलाही प्रश्न विचारायची मुभा होती. आधी तिचं झालं, आणि चांगलं झालं, मेलं! ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि मी खडू घेतला. पाच ओळी सुरळीत गेल्या. सहाव्या ओळीत मी अनंत पदांच्या बेरजेत पदांचा क्रम बदलला आणि म्हणाले, "हे उघड आहे." चार-दोन पदं कशीही मिळवा, बेरीज तीच येते. अनंत पदांचं तसं नसतं. आधी एक अट तपासावी लागते. ती मी तपासलीच नव्हती. हे लक्षात आलं ते लिहून झाल्यावर.

परीक्षक माना डोलवत होते. मी मागे वळून पाहिलं. तिची नजर सहाव्या ओळीवर खिळली होती. आता उठेल, आता विचारेल. घामानं खडू ओला झाला. सांगून टाकावं का? पण कशाला हात दाखवून अवलक्षण, असं मनाशी म्हणत मी सातवी ओळ लिहिली. ती शेवटपर्यंत उठली नाही.

पदक मला मिळालं. मी पुण्याला गेले, तिनं बी.एड. केलं. चोराच्या मनात चांदणं. तिचा फोन आला की मी कामात आहे म्हणून सांगायचे.

गेल्या दिवाळीआधी मात्र धीर करून डोणगावला गेले. तिची दहावीची शिकवणी चालू होती. एका मुलीनं बोर्डावर 'उघड आहे' लिहिलं आणि अख्खा वर्ग ओरडला, "काऊन?" मला तिथं उभं राहवेना. मुलं गेल्यावर मी विचारलंच, "त्या दिवशी सहावी ओळ दिसली होती ना तुले?"

"हाव."

"मंग विचारलं काऊन नाही?"

तिनं डस्टर खिडकीबाहेर झटकलं. "म्या विचारलं असतं तं मेडलसाठी विचारलं, असं झालं असतं. मले वाटलं, तूच सांगशील. तू खडू खाली ठेवेपर्यंत वाट पाह्यली म्या."