टेबलावरचा जांभा

डोंगर-जमिनीच्या संशोधनाला सरकारी निधी द्यायचा की नाही, हे आमचं कार्यालय ठरवतं. येणारा प्रत्येक संशोधक आपल्या डोंगराचा एखादा दगड माझ्या टेबलावर ठेवून जातो आणि मी त्याखाली कागद दाबते. कोकणातल्या एका खचणाऱ्या डोंगराचा प्रस्ताव काल आम्ही पुन्हा पुढच्या बैठकीवर ढकलला. "मॅडम, खाली वाडी आहे हो," संशोधक फोनवर म्हणाला. "बघू," मी म्हटलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. पंख्याखाली तोच प्रस्ताव फडफडतोय, वर त्याच डोंगरातला जांभा. उगाच उचलून पाहिला, तर बोटं तांबडी झाली, कागदावर माती सांडली. लाखो वर्षं थांबलेला डोंगर आणखी थोडा थांबेल, असं आम्ही धरून चाललोय. पण आमच्या बैठकीची तारीख त्याला कळवली कुणी?